मागल्या दारचा कुकर

१२ सप्टेंबर

पुन्हा लगदा! नेहमीच्या सवयीनं तीन शिट्ट्या दिल्या आणि बटाट्याचं पिठलं झालं. वर मीठही घातलं. बेकन मुळातच खारट, हे डोक्यातच आलं नाही. सगळं टाकून दिलं.

एकवीसला ह्यांचा पहिला म्हाळ. पानावर मटण असेल, वडे असतील, खीर असेल. पण ह्यांचा जीव कशात होता ते मला ठाऊक आहे. साहेबी बटाटा! तो पानावर हवाच.

१४ सप्टेंबर

हे बावीस वर्षं लष्कराच्या मेसमध्ये आचारी होते. घरी मात्र चहासुद्धा करायचे नाहीत. अपवाद एकच, मेसमध्ये शिकलेला साहेबी बटाटा. पेन्शनीत आल्यावर पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात बेकन कुठं मिळतं ते शोधून काढलं, आणि त्याच दिवशी सासूबाईंनी सांगून टाकलं — डुकराचं मटण उंबऱ्याच्या आत येणार न्हाय.

मग परसात पेरूखाली वेगळी शेगडी, वेगळा कुकर. धुवायचा तोही तिथंच. महिन्यातून एक रविवार. कुकर उघडाच ठेवून बेकन परतायचे, सुटलेल्या चरबीत कांदा, मग सालासकट बटाट्याच्या फोडी. मी म्हणायचे, मी काय करू? “तू शिट्टी मोज!” शिट्टी एकच असायची. काय मोजायचं त्यात! पण मी आपली पायरीवर बसून मोजायचे. तिथंच एका ताटात दोघं खायचो. किती सुखाचं होतं ते, तेव्हा कळलं नाही.

१५ सप्टेंबर

आणखी बेकन आणलं. दुकानदार दोनदा म्हणाला, काकू, हे डुकराचं असतं. म्हटलं, माहीत आहे बाबा, दे.

१७ सप्टेंबर

एक शिट्टी. लगेच कुकरवर गार पाणी ओतलं. फोडी अख्ख्या राहिल्या! मोहरी फेसून घातली, व्हिनेगर घातलं. दिसायला अगदी तसंच. चव मात्र नाही. काहीतरी राहतंय. वीस वर्षं शेजारी बसून खाल्लं, पण ह्यांच्या हाताकडे कधी नीट पाहिलं नाही. आता विचारू कुणाला?

१९ सप्टेंबर

सासूबाईंना सांगून टाकलं, पानावर साहेबी बटाटा ठेवणार. शहाऐंशी वय, पण आवाज खणखणीत. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्या मात्र कूस बदलून पडून राहिल्या.

२० सप्टेंबर

आजही नाहीच जमलं. बेकनचं शेवटचं पाकीट उद्यासाठी ठेवलंय. ह्यांच्यावरच राग आला. एवढं कागदावर लिहून ठेवायला काय झालं होतं!

२१ सप्टेंबर

सकाळी परसात कुकर उघडला, तर मागं सासूबाई. दाराला धरून उभ्या. चमचा मागितला. एक फोड तोंडात घातली, चावली, म्हणाल्या, “गूळ न्हाय घातलास. सुपारीएवढा घालायचा त्यो.”

तुम्हाला कसं ठाऊक, विचारलं.

“तू बाजारला गेलीस की वाटी आणून द्यायचा की मला. एकदा न्हाय म्हणून बसल्यावर तुझ्याम्होरं कसं मागायचं?”

वीस वर्षं! आणि हे मला एका शब्दानं बोलले नाहीत. गूळ घातला. तीच चव! हसू आलं आणि रडूही.

म्हाळाचं पान ठेवल्याशिवाय घरात कुणी घास घेत नाही. आज मी आधी सासूबाईंची वाटी भरली. त्या पायरीवर बसल्या, ह्यांच्या जागी, आणि मला म्हणाल्या, “तूबी घे.”