चिंचेच्या पाण्यातला पट्टा

प्रिय युवराज,

“पितळंला आंबट चालतं, कातड्याला न्हाय,” असं तात्या म्हणायचे, आठवतं? तेच वाक्य आज सकाळपासून डोक्यात घुमतंय. दोन ओळी लिहिते, उठते, हात धुते, पुन्हा बसते.

माळ्यावरच्या पोत्यात तुझ्या माणक्या बैलाचा घुंगरांचा पट्टा सापडला. बकलापाशी तुटलेला, तसाच. बारामतीत शिलाई घालून आणला. आता एकेका घुंगराखाली प्लॅस्टिकचा तुकडा सरकवून हिरवा कळंक कोरड्या फडक्याने पुसते आणि कातड्याला बोटाने एरंडेल लावते, थेंब थेंब. जास्त झालं की शिवण कुजते. अंथुर्ण्यात आता हे सांगणारंही कुणी उरलं नाही, दावणीच्या जागी ट्रॅक्टर उभा असतो.

त्या पोळ्याला वेशीत पट्टा तुटून माणक्याच्या पायात आला, तो बुजून उधळला आणि तात्यांनी साऱ्या गावादेखत तुझ्या कानाखाली वाजवली. “पट्ट्याला तेल पाजायचं सुदीक जमत न्हाय, बैल काय सांभाळणार!” तू सोळा वर्षांचा होतास. दुसऱ्या दिवशी उसाच्या रिकाम्या ट्रकमधून गेलास, ते सव्वीस वर्षं या घरात मुक्कामाला आला नाहीस.

युवराज, तू तेल पाजलं होतंस. आदल्या दुपारी, तुझा बैल गावात उठून दिसावा म्हणून, मी देवाची भांडी घासतात तसा तो अख्खा पट्टा चिंचेच्या पाण्यात बुडवला आणि उन्हात वाळत टाकला. घुंगरं सोन्यासारखी झाली, कातडं पापडासारखं. चार दिवसांनी मला बघायला पाहुणे येणार होते. मी गप्प राहिले. नंतर गप्प राहायचीच सवय झाली.

काल तात्यांना सांगितलं. त्यांना आता दिसत नाही. पट्टा मांडीवर घेऊन चाचपत होते. म्हणाले, “मला ठावं हाय. तवाच उचलला तर चिंचेचा वास आला हुता.” मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? बोटांनी घुंगरं मोजत म्हणाले, “मारलं हुतं ना गावादेखत. मागं कसं घेऊ? पोराची माफी मागायला शिकीवलंच न्हाय कुणी.”

आज त्यांनी जेवणही अर्ध्यावरच सोडलं. पट्टा मात्र खाली ठेवत नाहीत. म्हणून हे पत्र. तू नाही म्हणशील, मला माहीत आहे, आणि तो तुझा हक्क आहे. तरी या पोळ्याला ये. वेशीत, गावादेखत, त्यांना तो पट्टा तुझ्या हातात देऊ दे.

तुझीच अपराधी,
अक्का