टोकाला रचलेली गंज

दादा, तुमची लेक बोलतीय, लिहितीय माझी नात. मला अजून अक्षर येत न्हाई. तुमी शाळेऐवजी मला पाटावर धाडलंत ना! ही सुट्टीला आली की चार दिवस घरात माणसाचा आवाज असतो, म्हणून लिहून घेतीय. काल तिला विचारलं, "बये, दिसभर त्या पडद्यावर रेघा वढतीस, करतीस तरी काय?" म्हणाली, "आजी, संगणकाच्या आतल्या घड्याळाचा ठोका वाटून देते. बरफाहून लई गार केलेली तार असती, तिच्यात वीज अडत न्हाई, फुकट तापत न्हाई. एका ठोक्यावर हजारो बारकी दारं तालात उघडायची. पण तारेची रुंदी चुकली, न्हाईतर टोक उघडं राहिलं, की ठोका आपटून मागं फिरतो. मग दारं भलत्या वक्ताला उघडत्यात." मी म्हणाले, "मग टोकाला कडबा रच की!" तिला वाटलं, म्हातारी चळली.

मी नऊ-दहाची असेन. तुमी मोट हाकताय, मी लांब लसणाच्या वाफ्यात पाण्याची दारं धरून उभी. ठरल्या मोटा वतल्या की तुमची आरोळी यायची, "होऽऽ", की मी एक वाफा बुजवायचा, पुढचा फोडायचा. मळ्याच्या टोकाला गोठ्याची उंच दगडी भिंत. आरोळी तिच्यावर आपटून परत आली, की मी पुन्हा दारं मोडायची. अर्धे वाफे कोरडे. तुमी ढेकूळ उगारून आलात, "कावून गं, दोनदा कावून?" "तुमीच दोनदा वरडलात!" तुमी भिंतीकडं तोंड करून एकदा वरडून बघितलंत, कान दिलात, आन् ढेकूळ खाली टाकलंत. दुसऱ्या दिवशी भिंतीपुढं कडब्याची गंज उभी. दर साली नवी रचायचात. आरोळी तिच्यातच जिरायची.

"आजी, हेच!" हे सगळं ऐकून नात टाळी वाजवून म्हणाली. "तारेच्या टोकाला तिच्याच मापाचं जिरवणारं लावायचं." मग आज तिच्या कामावरनं फोन आला. उद्या सकाळच्या गाडीनं जाते म्हणाली. आता विचारतीय, पत्ता काय घालू? म्हटलं, घडी घालून साखरेच्या डब्यामागं ठेव.

एक तुमाला कधी सांगितलं न्हाई. तुमी गेल्यावर मी माहेरी आलते, तवा ती गंज मीच पेंढी पेंढी बैलांपुढं टाकून संपवली. आई वरडली, "चांगला कडबा कावून उधळतीस?" म्हटलं, भिजलाय. भिजला नव्हता. भिंत उघडी झाल्यावर तिच्यापुढं उभी राहिले आन् हाक मारली, "दादाऽऽ". ओ द्यायचं सोडून ती भिंतही तुमालाच हाका मारीत बसली.