बचतीचा मनोरा आणि आंघोळीचं पाणी

तीर्थस्वरूप वैजनाथमामांस, भाचा समर्थचा साष्टांग नमस्कार.

इकडं मी ठणठणीत आहे. लोहाऱ्याच्या थंडीत तुमचे गुडघे कुरकुरत असतील, तरी मामींचं तेल मुकाट्यानं चोळून घ्यावं. (त्या तेलावर आणि माझ्या डिझाइनवर लोकांचा विश्वास जरा उशिराच बसतो.)

भूमकडच्या या साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत माझा मनोरा उभा राहिला. मळीच्या आंबवणातून अल्कोहोल वेगळं करायचं, तर मनोऱ्याच्या बुडाशी बॉयलरची वाफ द्यावी लागते. अल्कोहोल वाफ होऊन वर चढतं, तिथं ते गार पाण्यानं थंड करतात. म्हणजे खाली उष्णता द्यायची आणि वर ती पाण्यात घालवायची. मी ती वरची उष्णता आत येणाऱ्या आंबवणालाच तापवायला लावली. पाव हिस्सा वाफ वाचलीच पाहिजे. चेअरमन आण्णासाहेब शनिवारी स्वतः चाचणी घेणार आहेत. वाफ वाचली तर मनोरा राहील, नाही तर जुना परत बसेल आणि मी घरी बसेन.

मी निर्धास्त होतो, आजही आहे. पण दुपारी वाफ कमी लागायची आणि सकाळी पहिल्याइतकीच. मीटर बदलला, सांधे तपासले (नारळसुद्धा फोडला). शेवटी परवा सकाळीच शिडी चढलो, तर वर ऑपरेटर शंभुलिंग व्हॉल्व्ह फिरवून सगळी उष्णता पुन्हा पाण्याकडं वळवत होता आणि खाली अख्खी कॉलनी बादल्या घेऊन उभी. इथं आजवर कुणी घरी पाणी तापवलेलंच नाही. जुना मनोरा फुकटात तापवून द्यायचा. मी शंभुलिंगला फैलावर घेतलं, तर तो शांतपणे म्हणाला, "सायेब, तुमची वाफ वाचली, पर आमची आंघुळ गेली की." मी सरळ व्हॉल्व्हला कुलूप घातलं. आता शनिवारची काळजी नाही.

मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
समर्थ

ता.क. : तुमच्या भांड्यांच्या दुकानातला सगळ्यांत मोठा तांब्याचा बंब शनिवारच्या आत इकडं येणाऱ्या जीपवर चढवून द्यावा. सोबत बाभळीचं सरपणही द्यावं. (ते मी बचतीच्या हिशेबात धरणार नाही.)

ता.क. २ : व्हॉल्व्ह उघडायचा हुकूम खुद्द आण्णासाहेबांचा होता, हे आत्ताच कळलं. गरम पाण्याचा पहिला नळ त्यांच्या बंगल्यात जातो. काल गार पाण्यानं आंघोळ झाल्यापासून ते शिंकतायत आणि कुलूप कुणी घातलं, ते विचारतायत. मामा, जीपची वाट बघू नका. बंब घेऊन तुम्हीच या.