जावळानंतरच्या दोघी

जालना, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शिवकन्या हिस,
अनेक आशीर्वाद. देवाच्या दयेने इकडे ठीक.

आमच्या दवाखान्यात प्रशिक्षण झालं. समजा मोठा अपघात झाला किंवा पूर आला आणि लेकरं एकटीच आली, तर ती बरोबर त्यांच्या घरच्यांच्या हाती कशी द्यायची. नोंदणीची खिडकी माझी, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. सरावात बाळ म्हणून बाहुली होती. ती मी एका रडणाऱ्या बाईला देऊन टाकली. बाई आमचीच नर्स अर्पिता निघाली. सगळे हसले. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "काका, रडणं ही ओळख नव्हे. खूण आधी आईकडून घ्या, लेकरू मग दाखवा."

तर तुझ्या राजनंदिनीच्या अंगावरची एखादी खूण लिहून पाठव. फोनवर विचारायला जीभ रेटेना. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं आणि मला रजा नाही, याचं वाईट वाटतं.

तुझा रामदादा

वडीगोद्री, ९ फेब्रुवारी

ती. रामदादास,
शि. सा. न. वि. वि.

मामा जावळाला येत न्हाई आणि भाचीच्या खुणा मागून राह्यला, पोलिसावाणी. सासूबाई म्हणाल्या, लेकराचे तीळ-डाग कागदावर मांडले की दृष्ट लागती. मंग मी न्हाई लिहीत. राग धरू नको.

तुझ्या जागी शेजारचे कल्याणभाऊ मांडी देणार. येत्या रविवारी गावातली नऊ लेकरं एकाच ट्रॉलीत देवीला जाणार. सगळ्यांना एकसारखी पिवळी झबली आणलीत. जावळ काढल्यावर आपलं कोणतं ते कळंल का, म्हणून जावा हसून राह्यल्या. हे ट्रक घेऊन गुजरातेत गेलेत. जेवण वेळेवर करत जा.

तुझी शिवा

जालना, १६ फेब्रुवारी, दुपार

शिवा,
आशीर्वाद. तुझ्या जबड्याला टाके आहेत, बोलू नको. हा कागद ॲम्ब्युलन्सवाले मच्छिंद्र अंबडच्या दवाखान्यात तुझ्या खाटेपाशी आणतील.

जावळं काढून परतताना ट्रॉली कालव्यापाशी उलटली, तिच्यातली नऊही लेकरं इथे आली. सात दिली. दोन मुली राहिल्या, एकाच वयाच्या. एक बसून बिस्किट खाते आहे. दुसरी मशीनवर आहे, चेहरा पट्ट्यांत. सासूबाई, नजर अधू असूनही, बसलेलीच आपली म्हणतात. दुसरी आईही तिलाच मागते; खूण विचारली की नुसती रडते. गुजरातेत पाव्हण्यांचा फोन लागत नाही. मी भाचीला चार वेळा पाहिलं, तेही जावळासकट. माझ्याही मनाने बसलेलीच निवडली, म्हणून मनावर विश्वास ठेवत नाही.

दोघींच्या अंगावरच्या खुणा मी नोंदल्यात. तुला एक शब्द सांगणार नाही. आधी तू लिही.

रामदादा

अंबड, त्याच कागदामागे

दादा,
उजव्या काखेत मसुरीएवढा लाल डाग. जन्मापासून. तू विचारल्तं तेव्हा लिहिलं न्हाई. आता तो जिच्या काखेत असंल ती माझी. तिला एकटी ठेवू नको.

शिवा

जालना, संध्याकाळ

शिवा,
बिस्किट खाणारीच्या काखेत डाग नाही; तिला तिच्या आईच्या हाती दिलं. सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मी मशीनपाशी बसलो आहे. डॉक्टर उद्याचं काही सांगत नाहीत. मी नाव घेऊन हाक मारतो आहे. आम्हा सगळ्यांवरचा लोभ देवाने आज एकट्या राजनंदिनीकडे वळवावा.

रामदादा