नेप्टालीचं जुनं वर्ष

किटो, ता. ३ नोव्हेंबर १९९१

ती. डोमितिला वन्संना,
युलालियाचा सा. न. वि. वि.

काल मृतांचा दिवस झाला. सकाळी पावाच्या बाहुल्या आणि जांभळी पेज घेऊन दफनभूमीत गेले. थडगं पुसलं, फुलं ठेवली, ह्यांच्या वाटणीची पेज मातीत ओतली आणि माझी तिथेच बसून प्यायले. दुपारी पाऊस आला. मग घरी आले.

जुलैत नक्की काय घडलं, हे तुम्ही पत्रामागून पत्रात विचारलंत आणि मी दर वेळी हवापाण्याचं लिहिलं. आज लिहिते. ह्यांचा रविवारचा नेम तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरगावचे लोक गोळा करायचे, आधी आमच्या चढावरच्या कठड्यापाशी न्यायचे, मग खाली जुन्या शहरात. शहर आधी वरून बघून घ्या, म्हणायचे. खाली उतरलात की जो तो आपल्या दुकानाकडे वळवतो. त्या दिवशी आभाळ निवळलेलं होतं. कायाम्बे शिखराचं बर्फ दाखवायला हे कठड्यावर हात टेकून वळले, आणि कठडाच गेला.

जूनच्या जत्रेत बँडचा मांडव आत घ्यायला नेप्टालीने त्या कठड्याचे खांब उपटले होते. वस्ती समितीचा अध्यक्ष तो, आणि लगतची खाणावळही त्याचीच. जत्रा संपल्यावर खांब पुन्हा गाडले नाहीत. तारेने बांधले आणि वरून हिरवा रंग मारला. ती तुटलेली तार मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. दफनाहून परतलो तेव्हा तिथे नवं वेल्डिंग होतं.

त्याच संध्याकाळी त्याने लोकांत सांगितलं, की लिसान्द्रोच्या तोंडाला वास येत होता. पोटाच्या दुखण्यापासून ह्यांनी दारूला स्पर्शही केला नव्हता. हे कोणाला ठाऊक नसलं तरी वीस वर्षं पत्त्यांत ह्यांचा जोडीदार असलेल्या नेप्टालीला पक्कं ठाऊक होतं. आता त्या जागेला दारुड्याची उडी म्हणतात. वाटाडे पाहुण्यांना तिथे उभं करून गोष्ट सांगतात, पाहुणे हसतात, खाली वाकून बघतात. माझ्या खिडकीत शब्दन् शब्द ऐकू येतो.

काल तो दफनभूमीतही आला. मोठ्याने रडला. चारचौघांत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, वहिनी, सोन्यासारखा माणूस हो, एवढी एकच खोड होती.  मी तो हात काढून ठेवला.

वन्सं, यंदा आमच्या दाराशी जुन्या वर्षाचा बाहुला मी बसवणार आहे. भुसा भरीन, कपडे घालीन, आणि तोंड नेप्टालीचं लावीन. एकतीस तारखेला सगळ्या चढासमोर त्याला जाळीन, म्हणजे तरी लोक विचारतील की कशासाठी. मुखवटा तुमच्याइतका हुबेहूब कोणी करत नाही. फोटो पाठवते आहे.

गुडघ्याला जपा. लोभ धरलात तसाच राहू द्या.

आपली,
युलालिया

*

क्वेंका, ता. १५ नोव्हेंबर

चि. युलालिया हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. गुडघ्याचं विचारू नकोस, तो माझ्याआधी स्वर्गात पोचणार आहे.

तुझं पत्र वाचलं आणि हातातली थाळी भिंतीवर आपटली. शेजारीण धावत आली, म्हणे काय फुटलं. म्हटलं, एका माणसाचं नशीब. आज जरा तडा गेलाय, फुटेल वर्षअखेर. रात्रभर रडले, ते तुला सांगणार नव्हते. आता सांगितलं.

अगं, कोंबडी कापायची वेळ आली की अंगणाबाहेर जाऊन उभी राहणारी तू, आणि निघालीस माणूस जाळायला! लिसान्द्रो असता तर हसून लोळला असता. आमची ही कोणाला उलटून बोलत नाही, असं किती कौतुकाने सांगायचा! मी तेव्हाच म्हणायचे, बाबा रे, न बोलणारी माणसं विसरत नाहीत.

मुखवटा झाला आहे. फोटोत नाक लहान दिसतं, मी त्याला न्याय दिला आहे. भुशात मूठभर सुकी मिरची घाल. अख्ख्या चढाच्या डोळ्यांना पाणी येऊ दे. मेल्यासाठी कोणीतरी रडलं असं होईल. जुन्या वर्षाचं मृत्युपत्रही वाचायला हवंच, तेही सुचलंय मला. तार समितीला, हिरवा रंग विधवेला, खाणावळ उंदरांना आणि जीभ कुत्र्यांना. यमकं तू जुळव, शाळेच्या कचेरीत इतकी वर्षं काढलीस ती कशाला?

मुखवटा बसचालकाबरोबर धाडते. त्याला सांगितलंय, डोक्यावर घालून बस चालवायची नाही.

भरपूर जेव. माया आहेच, ती मागायची नसते.

तुझी,
डोमितिला

*

किटो, ता. १० डिसेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि. मुखवटा पोचला. इतका साधला आहे की रात्री भिंतीकडे तोंड करून ठेवावा लागला.

शहराचा उत्सव होऊन गेला. खालच्या चौकात पत्त्यांचे सामने झाले. नेप्टालीने नवा जोडीदार घेतला होता. हरणाऱ्यांना तो नेहमीसारखा टोचत होता, की अरे, पत्ते धरता येत नसतील तर जपमाळ धरा, निदान पुण्य तरी लागेल. लोक हसत होते. ह्यांच्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला होता.

पण लिहायचं ते वेगळंच. माझा बेत त्याच्या कानावर गेला. मला वाटलं आता चवताळून येईल. परवा तो दारात आला तो हसत, हातात टोपली, टोपलीत त्याचं स्वतःचं तपकिरी जाकीट आणि फेल्टची टोपी. म्हणाला, वहिनी, अखेर माझा नंबर लागला म्हणायचा! ज्याला कोणी जाळत नाही तो कसला अध्यक्ष? त्या फाटक्या कपड्यांत नका हो जाळू, हे घ्या, माणूस शोभला पाहिजे. आणि बाहुल्यामागे रडायला सोंगाची विधवा म्हणून मीच येणार, काळा घागरा धुऊन ठेवलाय. मग थोडा जवळ आला, आवाज खाली केला, आणि म्हणाला, नीट जाळा मला. या वर्षाचं जे काही असेल ते सगळं जाऊ दे त्यात. एक तारखेला तुमच्याकडे चॉकलेट प्यायला येतो, स्वच्छ होऊन.

वन्सं, मी टोपली घेतली आणि दार लावलं. मग बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिले. लहानपणापासून आपण हेच म्हणत आलो ना, की जळलं ते वर्षासोबत गेलं? ठिणग्यांवरून उडी मारली की मन मोकळं. त्याला तेच हवं आहे. मी त्याला शिक्षा द्यायला निघाले होते, आणि त्याचं काम करून देणार होते.

अजून काही ठरवलेलं नाही. नाताळच्या आधी भुसा आणायला हवा.

तुमची सावली असू द्या.

युलालिया

*

क्वेंका, ता. २१ डिसेंबर

चि. युलालियास,
अ. उ. आ.

जाकीट दिलं? स्वतःचं? त्या माणसाला लाज निसर्गाने दिलीच नाही, आपण कुठून आणायची!

तरी मी म्हणते जाळ. मिरची दुप्पट घाल. मृत्युपत्रात त्याचं नाव, तारेचं नाव, सगळं वाच. आणि तुझ्या शेवटच्या ओळी मला आवडल्या नाहीत. अजून काही ठरवलेलं नाही, असं तू लिहितेस तेव्हा तुझं ठरलेलं असतं. तुझ्या ओरडण्याची मला भीती नाही गं, तू कधी ओरडलीच नाहीस. तुझ्या गप्प बसण्याची आहे.

उलट टपाली लिही. तुझ्यावर जीव आहे म्हणून विचारते.

डोमितिला

*

किटो, ता. ३ जानेवारी १९९२

ती. वन्संना,
सा. न. वि. वि. नवं वर्ष तुम्हाला सुखाचं जावो.

एकतीस तारखेला दुपारी बाहुला दाराशी बसवला. त्याचं जाकीट, त्याची टोपी, तुमचा मुखवटा. चढावरची माणसं येऊन बघून गेली. म्हणाली, नुसता बोलायचा राहिलाय, आणि तेच बरं आहे. मृत्युपत्र मी केलं नाही.

दिवस कलल्यावर विधवा होऊन पुरुष निघाले. नेप्टाली पुढे होता, काळा घागरा, ओठांना लाली, छातीत दोन संत्री. माझ्या दाराशी येऊन त्याने स्वतःच्या बाहुल्याला मिठी मारली आणि गळा काढला, की कोणाच्या भरवशावर सोडून चाललास रे माझ्या राजा, आता खाणावळीत मापात पाप कोण करणार! लोक पोट धरून हसले. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी उंबऱ्यावर उभी होते, मीही काळ्यातच. त्याचं रडणं मध्येच थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, पण आधीसारखं जमलं नाही.

बारा वाजता सगळ्यांनी आपापले बाहुले रस्त्यात ओढले आणि पेटवले. मी माझा बाहुला काखेत धरून घरात नेला आणि कडी लावली. बाहेर लोक वाट बघत होते. नेप्टालीने दार ठोठावलं. वहिनी, काडेपेटी नाही का, माझी घ्या, असं हसत म्हणत होता. दुसऱ्यांदा ठोठावलं तेव्हा हसत नव्हता.

सकाळी मी बाहुल्याला खिडकीत बसवलं, तोंड कठड्याकडे आणि नेप्टालीच्या गच्चीकडे करून. चढावर एकच बोलणं चाललं आहे, की नेप्टालीचं वर्ष संपलंच नाही, तो अजून जुन्या वर्षातच आहे. का जाळला नाही, असं माणसं मला विचारतात. मी तारेचं सांगते. आता विचारतात म्हणून सांगते, मुद्दाम कोणाच्या दारात जात नाही. काल त्याच्या खाणावळीतली चूल विझली तर म्हातारी माणसं क्रूस करून उठून गेली. आणि तो पायऱ्यांवर घसरला, म्हणून घोटा सुजला आहे.

तो आज आला होता. म्हणाला, थट्टा पुरे झाली वहिनी, जाळून टाका, रॉकेल मी आणतो. मी म्हटलं, रविवारी चर्चमधल्या मिस्सेनंतर कठड्यापाशी उभे राहा आणि खांब कोणी उपटले ते सांगा. दारूचा वास कोणी लावला तेही सांगा. त्याने विचारलं, मग जाळाल? मी बाहुल्याची टोपी सरळ केली.

आपली माया कमी होऊ देऊ नका, एवढंच मागणं.

युलालिया

*

क्वेंका, ता. १२ जानेवारी

चि. युलालियास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी टाळ्या वाजवल्या. मग दोन रात्री झोप नाही. बसचालक सांगत होता, तुमच्या चढावरचा तो खाणावळवाला निम्मा झालाय म्हणे. कोणी हस्तांदोलनसुद्धा करत नाही, त्याचं वर्ष आपल्याला लागेल म्हणून. चालकाला ठाऊक नाही की मुखवटा माझा. मी मान खाली घालून शिवत बसले.

हे बघ, सगळ्यात जास्त आग मीच ओकले, मिरची मीच घालायला सांगितली. पण माझा राग म्हणजे दूध, उतू गेलं की खाली बसतं. तो चारचौघांत बोलला तर तू त्याला मोकळं कर. लिसान्द्रोचं नाव धुतलं गेलं की आणखी काय हवं? त्याला स्वतःला तर पत्त्यांत हरलेल्या माणसालासुद्धा घरी एकटं पाठववत नसे.

मोठी म्हणून सांगते. ऐक.

तुझीच,
डोमितिला

*

किटो, ता. २० जानेवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि. आपलं पत्र शुक्रवारी मिळालं. दोनदा वाचलं.

काल मिस्सेनंतर तो कठड्यापाशी उभा राहिला. काठी टेकत आला होता. आभाळ स्वच्छ होतं, दक्षिणेला कोटोपाक्सीचा ज्वालामुखीही दिसत होता. तो म्हणाला, खांब मी उपटले. तार मी बांधली, चालेल म्हटलं. लिसान्द्रो प्यायलेला नव्हता, तो पीतच नसे. ते मी माझ्या कातडीसाठी बोललो.  एक म्हातारी तेवढी म्हणाली, इतकी साधी वाक्यं होती तर सहा महिने कुठे ठेवली होतीस रे?

नंतर एक वाटाडा पाहुण्यांना घेऊन आला. त्याने कायाम्बे दाखवला, समोरच्या टेकडीवरचा पंखांच्या मरियमचा पुतळा दाखवला आणि पुढे गेला. जागेचं नाव त्याने घेतलं नाही. ते मी खिडकीतून ऐकलं.

मग नेप्टाली माझ्या दाराशी आला. रॉकेलचा डबा पायाशी ठेवला आणि टोपी काढून उभा राहिला. वहिनी, सांगितलं सगळं, म्हणाला. मी म्हटलं, ऐकलं. तो वाट बघत राहिला. म्हणाला, आता तरी? मी म्हटलं, नेप्टाली, तुम्ही माझ्या नवऱ्याचं नाव परत दिलंत. ते तुमच्याकडे होतं, म्हणून देता आलं. तो विचारू लागला, की मग वर्षभर असाच फिरू का मी? मी सांगितलं, हो, मीही फिरतेच आहे. डबा त्याला परत न्यायला लावला, घरात रॉकेलचा वास मला सोसत नाही.

तुम्ही मोठ्या, आणि मला ऐक म्हणालात. इतक्या वर्षांत तुमचा शब्द मी मोडला नाही, आज मोडते आहे. तुमचा राग उतू गेला आणि खाली बसला, हे बरं झालं. माझा उतू जात नाही. यंदाच्या एकतीस डिसेंबरला बघीन. तेव्हाही जाळीनच असं वचन देत नाही.

तुमच्या मनात माझ्यासाठी जी जागा आहे ती मोडू नका. मोडलीत तरी मी पत्र लिहीत राहीन.

आपली,
युलालिया

ता. क. पत्र सकाळी टपालात टाकीन. आता घरात कोणी नाही, ऊन खिडकीतल्या बाहुल्यावरून गेलं आहे. शाळेत घालायचा दुखवट्याचा काळा झगा धुवायला काढला. रंग विटू नये म्हणून बादलीत मूठभर मीठ टाकलं, हाताने ढवळलं, आणि झगा भिजत घातला.