पुढच्या अंकासाठी खुलासा

सोमवार, तारीख १४, दुपार

प्रिय ताई,

सलाम. बाबांना सलाम, भावजींना सलाम, आणि तुमच्या आळशी बोक्याला कान ओढून सलाम. माझी तब्येत चांगली आहे. जेवण वेळेवर होतं. खोलीतला नळ एकदाचा दुरुस्त झाला, त्यामुळे दिवसभर बादलीतली टपटप ऐकावी लागत नाही. खरं सांगायचं तर ती टपटप बरी होती. आता जिन्यातलं प्रत्येक पाऊल ऐकू येतं.

एक गोष्ट आधीच सांगते. हे पत्र महिला सभेत वाचून दाखवायचं नाही. तुझ्या मासिकात तर नाहीच नाही. माझं पत्र हातात पडलं की तू चष्म्याच्या आधी श्रोते शोधतेस, म्हणून बजावते आहे. दार लाव आणि एकटी वाच. ते पोस्टानंही येणार नाही. इथल्या दवाखान्यातली आपल्याकडची नर्सबाई शुक्रवारी सुट्टीवर घरी निघाली आहे, ती स्वतः तुझ्या हातात देईल. तिला चहा पाज आणि काही विचारू नकोस. तिला काही माहीत नाही, आणि ते तसंच राहिलेलं बरं.

बायबलचा वर्ग ठीक चालला आहे, असं लिहिलं होतं आणि खोडलं. खोडलेलं तुला दिसतंच आहे. गेल्या बुधवारी मी सहा खुर्च्या मांडल्या, फळ्यावर इंग्रजीची चार वाक्यं लिहिली (कुणी अचानक दार उघडलं तर आमची इंग्रजीची शिकवणी असते, हे तुला ठाऊक आहे) आणि पाच वाजेपर्यंत एकटीच बसले. वर्गाला येणारी शाळेतली शिक्षिका जिन्यापर्यंत आली होती. तिच्या चपलांचा आवाज मी ओळखते. अर्ध्या जिन्यात ती थांबली आणि परत गेली.

समोर शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या पायरीवर गेले चार दिवस एक माणूस येऊन बसतो. त्याच्याकडे मशीन नाही. मी पडदा ओढून घेतला, मग वाटलं, ओढलेला पडदा उलट डोळ्यांत भरतो, म्हणून उघडला. सकाळपासून हेच चाललं आहे. हसू नकोस. किंवा हस, लहानपणी मी झुरळाला घाबरून पाटावर चढले की हसायचीस तशी. मला बरं वाटेल.

तुझा अंक मिळाला. त्याबद्दल उद्या लिहीन. आज नको.

मंगळवार

ताई, अंकाबद्दल.

शिवणवालीची हकीकत मी तुला लिहिली होती, ती तू पहिल्या पानावर छापलीस. ‘बाहीमागे लपलेली सुवार्ता’. मथळा फार छान होता. मी तो चारदा वाचला आणि मूर्खासारखी एकटीच खूश झाले. पाचव्यांदा वाचताना लक्षात आलं, तिला यावरून कुणीही ओळखेल.

मी तिचं नाव लिहिलं नव्हतं, एवढी अक्कल मला होती. पण बाकी काय लिहायचं ठेवलं होतं? ती मशीनवाल्याच्या शेजारच्या गाळ्यात बसते. डावा पाय ओढत चालते. मनगटावर पिना टोचायची लाल गादी बांधते. आमचे धडे ती कपड्यांच्या कागदी नमुन्यांमागे पेन्सिलीनं उतरवून घेते, बाहीच्या कागदामागे पहिला, पाठीच्या कागदामागे दुसरा, आणि नमुने उघडउघड खिळ्याला टांगते. अशी बाई या शहरात एकच आहे. नाव लिहिलं असतं तर निदान त्या नावाच्या चारपाच जणी तरी निघाल्या असत्या.

तुमच्यातल्याच कुणी तरी तो अंक इथल्या आपल्या भाच्याला कौतुकानं पाठवला. भाच्यानं तो कौतुकानं कामावर दाखवला. त्या कौतुकातून तो सरकारी कचेरीत पोचला आणि तिथे त्याचं भाषांतर झालं.

इथला कायदा तुला माहीत नाही, कारण तू घाबरशील म्हणून मी कधी लिहिला नाही. माझ्यासारख्या परक्या माणसाला ते फार तर हाकलून देतात. पण त्यांच्यातल्या कुणी धर्म सोडला तर त्याला तुरुंगात टाकतात आणि मुलं काढून घेतात. शिवणवालीला सात वर्षांची मुलगी आहे. ती दुकानात चिंध्यांच्या गाठोड्यावर बसून गृहपाठ करते.

अंक आला त्याच दिवशी मी धावत जाऊन तिला सांगितलं. वाटलं होतं, कात्री फेकून मारेल. तिनं हातातली शिवण पुरी केली, दातानं धागा तोडला आणि म्हणाली, “बरं. नवे नमुने काढते.” शनिवारी तिघे जण आले, भिंतीवरचे सगळे नमुने काढून घेऊन गेले. ते कोरे होते. म्हणजे आता तिच्याविरुद्ध पुरावा एकच उरला आहे. माझं पत्र.

आणि आता ते लिहिते, जे कालपासून टाळते आहे. शाई संपली, नळ गळला, काय वाटेल ते कारण सांगून टाळलं असतं.

त्या पत्रात मी लिहिलं होतं, ‘बाप्तिस्मा घेशील का, असं विचारताच तिच्या तोंडून हो निघालं.’ तिच्या तोंडून काही निघालं नव्हतं, ताई. तिच्या तोंडात पिना होत्या. ती माझ्या कोटाची खालची दुमड लावत होती. मी विचारलं, तिनं वर बघितलं, आणि पुन्हा खाली बघून पिना लावत राहिली. ते ‘हो’ माझं आहे.

का लिहिलं? मला इथे पाठवणाऱ्या संस्थेच्या मासिक अहवालात एक रकाना असतो: ‘या महिन्यात किती जणांनी निर्णय घेतला?’ दोन वर्षं मी तिथे शून्य लिहिलं. सचिवांनी विचारलं होतं, जमीन खडकाळ आहे की पेरणारीच्या हातात जोर नाही? बाबा तर काहीच विचारायचे नाहीत, नुसतं लिहायचे, ‘तुझ्यासाठी रोज प्रार्थना करतो.’ ते जास्त लागायचं. म्हटलं, आज ना उद्या ती हो म्हणेलच, आपण थोडं आधी लिहू. आंधळं दळतं तसं मी दोन वर्षं दळत होते, एकदा तरी पीठ दाखवावंसं वाटलं. छापल्याबद्दल मी तुझ्यावर चार दिवस चिडले होते. तू मी लिहिलं तेच छापलंस. तुझा काय दोष?

सकाळी सचिवांचा फोन आला. उद्याचं तिकीट काढलं आहे, निघा. “तुम्ही गेलात की प्रकरण आपोआप थंड होईल,” म्हणाले. कुणाचं प्रकरण थंड होईल? मी गेले की माझं छापील पत्र तेवढं इथे बोलायला उरेल, आणि ते ‘हो’ म्हणतं आहे.

गुरुवारी अकरा वाजता आम्हा दोघींना कचेरीत बोलावलं आहे. मी जाणार आहे. खोटं लिहिलं असं सांगणार आहे. भीती इतकी वाटते की सकाळपासून तीनदा तोंड धुतलं. प्रार्थना करायला बसते आणि कान जिन्याकडेच असतात.

गुरुवार, तारीख १७, संध्याकाळ

मी घरी आहे. तीही घरी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे तुझ्या जिवात जीव येईल आणि मग पुढचं वाचशील.

तिसऱ्या मजल्यावरची खोली. लोखंडी कपाट, दोन टेबलं, टेबलावर माझ्या पत्राचं टाइप केलेलं भाषांतर, खाली लाल रेघा. ती माझ्या आधी येऊन बाकावर बसली होती. राखाडी कोट, गळ्यापर्यंत बटणं. हात सारखा कॉलरकडे जात होता. मला वाटलं, भीतीनं तिला गुदमरतं आहे. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

अधिकारी सभ्य होते. सभ्य माणसाची मला जास्त भीती वाटते. त्यांनी विचारलं, “हे तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“या बाईनं धर्म बदलायचं कबूल केलंय, असं यात आहे.”

“ते खोटं आहे. ती माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते आणि माझे कपडे शिवते. ते धडे, ते नमुने, सगळं मी मनानं रचलं.”

“धर्म शिकवणारी बाई खोटं लिहिते?” ते हसले.

“साहेब, वरच्यांना दर महिन्याला आकडा लागतो. दोन वर्षं माझा आकडा शून्य होता.” आणि कुठून धीर आला कोण जाणे, मी म्हणाले, “तुमच्या वरच्यांनाही लागत असेल.”

मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या अहवालांच्या गठ्ठ्याकडे गेली. ताई, मला वाटतं, त्या क्षणी त्यांचा माझ्यावर विश्वास बसला.

मग त्यांनी तिच्यापुढे कागद ठेवले. ‘माझा या शिकवणुकीवर विश्वास नाही व कधीही नव्हता.’ तीन प्रती होत्या, प्रत्येकीवर सही हवी होती. तिनं पेन उचललं आणि थांबली.

आमचा शेवटचा धडा त्या शिष्याचा झाला होता, ज्यानं कोंबडा आरवायच्या आत तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं. त्या दिवशी तिच्याजवळ कॉलरचा नमुना होता, त्याच्यामागे तिनं तो उतरवून घेतला होता. “मग त्याला परत घेतलं का?” एवढंच तिनं विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. आणि आज, दोन वर्षं जिला विश्वास शिकवला, तिनं तो नाकारावा म्हणून मी बाकाची कड धरून प्रार्थना करत होते. देवा, हिला सही करू दे. असली प्रार्थना आपल्या घरात कुणी केली नसेल.

तिनं तिन्ही सह्या केल्या. सावकाश, टाके घालावेत तशा.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर कुणी नव्हतं. तिथे ती थांबली. मी म्हटलं, “मला माफ कर. मी तुझ्या नावावर खोटं लिहिलं.”

“खोटं नव्हतं, बाई,” ती म्हणाली. “घाई केलीत.”

तिनं माझं बोट धरलं आणि आपल्या कॉलरवर दाबलं. आत कागद कुरकुरला. “बाकीचे सगळे जाळले. हा एवढा ठेवला,” म्हणाली. मग जिन्याच्या खाली वर बघून अगदी हळू विचारलं, “त्याला परत घेतलं होतं ना? नक्की?”

“नक्की,” मी म्हटलं. उरलेला जिना तिनंच मला हाताला धरून उतरवला. वर कचेरीत त्या कागदाला कुणाचं एक बोट लागलं असतं, ताई, तर ती मुलगी आज कुठे असती? मी हे लिहिते आहे तरी ती कुरकुर कानातून जात नाही. पायरीवरचा माणूसही अजून आहे.

आता काम तुझं. अधिकारी म्हणाले, “छापून आलेलं छापूनच मागे घ्या.” तो अंक टेबलावर पडेपर्यंत माझा पासपोर्ट त्यांच्याकडे आणि तिची फाइल उघडी. नंतर मला इथून घालवतील. सोबतचा कागद पुढच्या अंकात, पहिल्याच पानावर, जसाच्या तसा छाप:

‘मागील अंकातील शिवणकाम करणाऱ्या बाईची हकीकत पूर्णपणे खोटी असून ती मी कौतुकाच्या लोभाने रचली होती. अशी कोणतीही बाई विश्वासात आलेली नाही. मंडळीची मी क्षमा मागते.’

खाली माझं पूर्ण नाव घाल. सभेत तू स्वतः उभी राहून मोठ्यानं वाच. बायका कुजबुजतील, वाचताना तुझा आवाज कापेल, कापू दे. पण माझी बाजू घेऊ नकोस. एक शब्दही नाही.

बाबांना खरं सांगू नकोस. त्यांना कळलं तर ते खरंच बोलतील, आजवर दुसरं काही बोललेच नाहीत. रविवारी चर्चमध्ये पुलपिटावरून मुलीची बाजू मांडतील आणि इथे एक फाइल पुन्हा उघडेल. मुलगी खोटारडी निघाली, असंच त्यांना वाटू दे. त्यांचं आता वय झालं आहे, कदाचित ते असंच मानून डोळे मिटतील, हेही मी मोजलं आहे. ते रात्री माझ्यासाठी प्रार्थनेला बसले की तू नुसती शेजारी बस.

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. सगळं जळेपर्यंत तिथून हलू नकोस.

चारचौघांत जिला तू आता ओळखणार नाहीस, ती

तुझी बारकी