मॅडम, आधी चला

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आता डोळे मिटावे लागतात. ज्या जालन्यात तुम्ही आमचं मुलींचं वसतिगृह सांभाळलंत, तिथल्याच एका कॉलेजात मी शिकवते, आणि तिथल्या मुलींच्या होस्टेलची रेक्टर आहे. जे सांगायचंय ते दारूबद्दल आहे. हा शब्द तुमच्यासमोर मी कधी उच्चारला नव्हता.

सत्र सुरू होताना वरून परिपत्रक आलं. खोलीत दारू सापडली तर त्या खोलीतल्या सगळ्यांना होस्टेलमधून काढायचं, सबब ऐकायची नाही. मी ते मेसमध्ये उभी राहून वाचलं. मुली खिदळल्या, मलाही मनातून हसू आलं. हे मुलांच्या होस्टेलसाठी असणार, आपण नुसतं वाचायचं, एवढंच वाटलं.

मग तो रविवार. दुपारची जेवणं उरकली होती आणि मी गॅलरीतले वाळलेले पडदे काढत होते. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, परतूरची, समोर येऊन उभी राहिली. "मॅडम, चिडू नका. आधी चला." काय झालं विचारलं तर म्हणाली, "ती उठूनच न्हाई राह्यली." ती म्हणजे त्यांच्या खोलीत नव्यानं आलेली, घनसावंगीकडची, पहिल्या वर्षाची मुलगी. आम्ही धावत गेलो तर दाराला आतून कडी. आत तिच्याजवळ खोलीतल्या बाकीच्या दोघी जणी, पण उघडेनात. परतूरचीनं दार बडवलं, "उघड गं! म्या सांगितलं मॅडमला!" तेव्हा कुठं कडी निघाली. ती पोर फरशीवर पडलेली, ओठ निळसर, केस ओकारीत भिजलेले. आणि तो वास. एसटी स्टँडवर, लग्नाच्या वरातीत हा वास मी आयुष्यभर नाक दाबून टाळला, बाई. तो अठरा वर्षांच्या मुलीच्या तोंडाला येतोय हे माझ्या डोक्यात शिरेना. मी दारातच खिळले. "ही प्यायलीय?" एवढंच तोंडातून निघालं. परतूरची तोवर खाली बसून तिला कुशीवर वळवत होती. "मॅडम, ऑटो बोलवा ना जल्दी!" ती ओरडली, तेव्हा मी हलले.

डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ गेला असता तर ओकारी श्वासात जाऊन... आणि वाक्य त्यांनी तसंच सोडलं. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मग त्या तिघी बोलल्या. त्यांच्या ग्रुपमध्ये नवीन मुलगी आली की तिनं भरलेला ग्लास एका दमात संपवायचा. संत्र्याच्या सरबतात दारू मिसळलेली असते. संपवला की ती 'आपल्यातली'. नाही म्हटलं तर कुणी नोट्स देत नाही, मेसमध्ये शेजारी बसत नाही. गेल्या वर्षी यांनाही असाच पाजला होता. मला सगळ्यात धक्का कशाचा बसला सांगू? ती सकाळपासून तशी पडली होती, आणि कुणाला शंका नको म्हणून या तिघी खाली येऊन जेवून गेल्या होत्या. मी स्वतः त्यांना वाढलं होतं. एकीनं तर पुरी मागून घेतली होती. "तिला तसं टाकून तुमच्या घशाखाली घास उतरला?" मी विचारलं. ती पुरीवाली रडत म्हणाली, "मंग काय करणार, मॅडम? तुम्हीच वाचून दाखवलं ना, सगळ्यांना काढणार म्हणून. माझे बाबा मला परत कुठंच शिकू देणार न्हाईत."

तेव्हा मला तुम्ही दिसलात. तुम्ही स्वयंपाकघरात भाकरी थापताय. आम्ही न सांगता सिनेमाला गेल्तो, परतताना भिंतीवरून उडी मारली आणि मैत्रिणीचा पाय मोडला. मी धापा टाकत येते, आणि तुम्ही काही न विचारता तवा उतरवून पीठभरल्या हातांनी रिक्षात बसता. तिचं डोकं तुमच्या मांडीवर, तिच्या केसांना पीठ लागतंय. प्लास्टर होईपर्यंत तुम्ही प्रश्न केला नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांसमोर सोललंत. "माझ्याशी खोटं बोलाल तर हाकलून देईन. पण मला भिऊन कुणी लपून मेलेलं बिलकुल चालणार नाही." दिवाळीपर्यंत आमचं बाहेर जाणं बंद होतं.

घनसावंगीच्या त्या आजारी मुलीचे वडील सीटा भरून जीप चालवतात. त्या दिवशी प्रवासी मध्येच उतरवून आले होते. "दारू? माही पोरगी?" म्हणून ते हसले, आणि मग भिंतीला टेकून खाली बसले. तिथूनच म्हणाले, "जीव हाय ना, मॅडम? बस. तिच्या मायला काई सांगू नका."

कॉलेजच्या होस्टेल समितीनं चौघींनाही काढायचं ठरवलं, आजारी मुलीसकट. मी म्हटलं, मागच्या सत्रात मुलांच्या होस्टेलमध्ये बाटल्या सापडल्या तेव्हा माफीनाम्यावर भागलं होतं. एक ज्येष्ठ सहकारी समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो मॅडम, पोरांचं वेगळं. पोरींची उद्या लग्नं व्हायचीत." बाई, मी आयुष्यात कधी मीटिंगमध्ये आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी उभी राहिले. "जी धावत आली तिलाच काढलंत, तर पुढच्या वेळी कुणी येणार नाही. मग मुडदा उचलायला तुम्ही या." शेवटी परतूरची आणि आजारी मुलगी, दोघी राहिल्या. बंदी आहे तशीच आहे, ती हवीच. फक्त एक ओळ वाढली, मदतीला हाक मारणाऱ्याला शिक्षा नाही. मुलांच्या होस्टेललाही तीच.

उरलेल्या दोघींना वर्षभरासाठी काढलं. पुरीवालीच्या वडिलांनी ती म्हणाली होती तेच केलं. मी तिच्या घरी गेले होते. चहा दिला, विचारपूस केली, तिला बाहेर येऊ दिलं नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता. स्थळं बघताहेत म्हणे.

हे कुठल्या पत्त्यावर पाठवणार? पण एक सांगून टाकते. दुपारी कुठल्याही खोलीचं दार बंद दिसलं की मी काहीतरी निमित्त काढून ठोठावते. नळ गळतो का, पंखा फिरतो का. काल परतूरचीनं दार उघडलं आणि म्हणाली, "पंखा चांगला हाय, मॅडम. परवा पण विचारलं तुम्ही." मग खाटेवरचे कपडे बाजूला सारून म्हणाली, "बसा ना." मी बसले.